बर्फाआधीचे कागद

टेक्साससारख्या राज्यात बर्फाच्या तयारीचा पगार घेणारा माणूस हा थोडा चेष्टेचाच विषय असतो. जून-जुलैत इथे पारा चाळिशीला टेकतो, गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला की चटका बसतो, आणि हा गडी त्या उन्हात बसून मीठ, डिझेल आणि हीटरच्या याद्या करत असतो. तो गडी मी. डॅलसजवळच्या एका घाऊक किराणा कंपनीत मालाचं नियोजन बघतो. हॉटेलं, शाळांची कँटीन, कोपऱ्यावरची लहान दुकानं यांना आमच्या गोदामातून माल जातो. वर्षातल्या ज्या दोन-चार दिवशी तो जाऊ शकणार नाही, त्या दिवसांची काळजी वर्षभर वाहणं हे माझं काम.

गाव चिपळूण. तिकडे मे महिन्यात आगोटीची लगबग असते. तांदूळ भरा, सुकी मासळी आणा, कोकमं वाळवा, सरपण पडवीत रचा, कौलं चाळून घ्या. ही बेगमी सहसा चुकत नाही, कारण पाऊस चुकत नाही. टेक्सासची थंडी अशी नेमानं येत नाही. चार-सहा हिवाळे नुसत्या स्वेटरवर निघतात आणि एखाद्या वर्षी उत्तरेकडून असा गारठा उतरतो की नळातलं पाणी नळातच राहतं. मिनेसोटातल्या पालिकांकडे बर्फ हटवणाऱ्या गाड्यांचे ताफे असतात, मिठाचे डोंगर असतात, आणि मुख्य म्हणजे लोकांना सवय असते. इथे दहा वर्षांतून एकदा लागणाऱ्या वस्तूवर दरवर्षी पैसे का घालायचे, हा प्रश्न प्रत्येक बजेटला निघतो. प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळालं, आणि ते फार महागात पडलं.

'उरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या हिमवादळात राज्याच्या सगळ्याच्या सगळ्या २५४ काउंटींना, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांना, एकाच वेळी इशारा दिला गेला होता. डॅलसला १६ तारखेला पारा उणे १९ अंशांवर गेला. ह्यूस्टनसारख्या समुद्राजवळच्या, कायम घामट शहरातही उणे दहा. १५ तारखेच्या पहाटे दीडच्या सुमारास राज्याचं ग्रिड सांभाळणाऱ्या एर्कॉटने वीज तोडायला सांगितलं. इथली वीज ६० हर्ट्झ या वारंवारतेवर चालते; मागणीला पुरवठा पुरेनासा झाला की ती वारंवारता घसरते. त्या रात्री ती ५९.४ च्या खाली उतरली आणि ४ मिनिटं २३ सेकंद तिथेच अडकली. नऊ मिनिटं तशीच गेली असती तर उरलीसुरली केंद्रं स्वतःला वाचवायला आपोआप बंद झाली असती आणि सगळं ग्रिड कोसळलं असतं. ते शून्यातून पुन्हा उभं करायला कित्येक आठवडे लागू शकले असते.

आपल्या पिढीला भारनियमन नवं नाही. पण आपल्याकडे त्याचं वेळापत्रक असायचं. सकाळी तुमची आळी, दुपारी आमची. लोक शिव्या घालायचे आणि त्या हिशेबाने पिठाची गिरणी नि पाण्याची मोटर चालवायचे. टेक्सासमध्येही वीज पाळीपाळीने जाईल असंच सांगितलं होतं. पण तूट एवढी मोठी होती, एका टप्प्यावर २०,००० मेगावॅटची, की पाळी फिरवायला जागाच उरली नाही. रुग्णालयं वगैरे असलेल्या वाहिन्या तोडायच्या नाहीत, मग उरलेल्या सगळ्या तोडल्या, आणि त्या तशाच तुटलेल्या राहिल्या. काही घरांत तीन-तीन दिवस अंधार, आणि शेजारच्या चौकातल्या रिकाम्या ऑफिस इमारतीत दिव्यांची आरास. पंचेचाळीस लाखांवर घरं आणि दुकानं अंधारात गेली. राज्याच्या आरोग्य खात्याने नंतर २४६ मृत्यू या थंडीच्या नावावर नोंदवले. त्यातले बहुतेक गारठून. काही जण घरात कोळशाची शेगडी पेटवून किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून ऊब घ्यायला गेले आणि धुराने गेले.

आता यात कागद कुठे आला? तर असा.

टेक्सासची निम्म्याच्या आसपास वीज नैसर्गिक वायूवर होते. वायू जमिनीतून काढून, स्वच्छ करून, दाब देऊन पाइपातून केंद्रापर्यंत ढकलायचा तर त्या मधल्या यंत्रांना वीज लागते. म्हणजे विजेला वायू हवा आणि वायूला वीज हवी. म्हणून नियमात सोय होती: वायूच्या ज्या ठिकाणांवाचून वीजकेंद्र चालणार नाही, त्यांनी एक फॉर्म भरून वीज कंपनीला कळवायचं, की आम्ही अत्यावश्यक आहोत, आमची लाइन तोडू नका. साधा फॉर्म. पुष्कळ वायू कंपन्यांनी तो भरलेलाच नव्हता. काहींना तो असतो हेच ठाऊक नव्हतं. वीज कंपन्यांच्या यादीत ती ठिकाणं इतर कुठल्याही ग्राहकासारखीच दिसत होती, आणि पहाटे दीड वाजता तुटवडा भागवायला ज्या लाइनी कापल्या गेल्या त्यांत वीजकेंद्रांना वायू पुरवणाऱ्यांच्याही होत्या. त्यामुळे वायू आटला, वायू आटल्याने आणखी केंद्रं पडली, आणि ती पडली म्हणून आणखी लाइनी कापाव्या लागल्या.

वायूचं सगळं काही याच कारणाने बंद पडलं असं नाही. विहिरींची तोंडंच गोठली होती. पवनचक्क्यांवर बर्फ बसला होता. कोळशाची केंद्रंही अडखळली. दक्षिणेकडच्या अणुकेंद्राचं एक युनिट, १३०० मेगावॅटच्या घरातलं, एका बारीक नळीने पाडलं. पाण्याचा दाब मोजणारी ही नळी उघड्यावर होती. तिच्यातलं पाणी गोठलं, दाबाचा आकडा चुकला, पंप थांबले आणि सुरक्षेच्या नियमाप्रमाणे अणुभट्टी बंद झाली. त्या नळीला थोडा उबदार वेढा दिला असता तर भागलं असतं. २०११ च्या फेब्रुवारीत असाच, पण लहान, फटका बसला होता. त्यानंतर केंद्रीय नियामकांच्या अहवालात थंडीपासून बचावाच्या शिफारशी केल्या होत्या. शिफारशी म्हणजे ऐच्छिक. आपल्याला ऐच्छिक विषयाचं काय होतं ते शाळेपासून माहीत आहे.

आमच्या धंद्यात या सगळ्याचा अर्थ दुधात दिसला. त्या आठवड्यात राज्याचे कृषी आयुक्त सांगत होते, की दुधावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत वीज नाही म्हणून गोठेवाले रोज ८० लाख डॉलरचं दूध गटारात ओतताहेत. त्याच दिवशी शहरातल्या दुकानांत दुधाचे फडताळ रिकामे, किंवा माणशी एक कॅन अशी पाटी. गाय दूध देत होती, गिऱ्हाईक रांगेत उभं होतं, आणि दोघांच्या मधला एक टप्पा बंद होता. पुरवठ्याची साखळी म्हणतात ती अशी एकाच कडीला तुटते, आणि ती कडी बहुधा कुणाच्याच यादीत पहिल्या पानावर नसते.

ट्रकची एक गोष्ट सांगतो, कारण बाहेरच्यांना ती उलटी वाटते. थंड माल नेणारा डबा, ज्याला आम्ही रीफर म्हणतो, तो हिवाळ्यात माल गरम ठेवायला वापरतात. केळी साधारण तेरा-चौदा अंशांच्या खाली गेली की साल काळं पडतं आणि ती पुढे धड पिकतच नाहीत. पाण्याच्या बाटल्या गोठून फुटतात. काही औषधं गोठली की कामातून जातात. म्हणून बाहेर उणे पंधरा असताना आत अधिक चौदा ठेवायला त्या डब्याचं यंत्र धडधडत असतं, आणि त्याची डिझेलची टाकी वेगळी असते. ट्रकच्या टाकीत डिझेल आहे की नाही ते ड्रायव्हर बघतो. रीफरच्या टाकीत आहे का, हे कुणीतरी मुद्दाम विचारावं लागतं.

त्या वेळी आमच्यासाठी केळी घेऊन येणारा एक पंजाबी ड्रायव्हर लुइझियानाच्या सीमेजवळ एका ट्रक थांब्यावर अडकला होता. रस्ता बंद, थांब्यावरच्या पंपाला वीज नाही, म्हणजे जमिनीखाली टाकी भरून डिझेल आहे आणि वर काढता येत नाही. त्याच्या ट्रकचं डिझेलही थंडीने दाट व्हायला लागलं होतं. उन्हाळ्यासाठी बनवलेल्या डिझेलमध्ये मेणासारखे कण धरतात आणि फिल्टर चोंदतो. उत्तरेकडे हिवाळ्याचं पातळ मिश्रण मिळतं, दक्षिणेत ते कोण ठेवणार? धूर स्वच्छ करायला ट्रकमध्ये युरियाचं जे पाणी घालतात तेही उणे अकराला गोठतं. मी फोनवर आधी रीफरच्या टाकीचं विचारलं, मग त्याचं. तो म्हणाला, "फिकर ना करो पाजी, केले गरम हैं। ठंडा तो मैं हो रहा हूँ।" केबिनमध्ये दोन रजया, एक बिस्किटाचा पुडा आणि थर्मासमध्ये संपत आलेला चहा एवढा त्याचा साठा. आमच्या कार्यपद्धतीच्या जाडजूड वहीत केळ्याचं तापमान किती असावं याला अर्धं पान होतं. ड्रायव्हरला किती ऊब, किती खाणं असावं याला एक ओळही नव्हती. ती ओळ आता आहे. प्रत्येक ट्रकमध्ये नोव्हेंबरपासून एक पेटी असते: घोंगडी, चुलीशिवाय खाता येईल असं खाणं, पाणी, टॉर्च, हातमोजे, फावडं, फोनची बॅटरी. हिशेबवाल्यांनी तिला 'किरकोळ' खात्यात टाकलं आहे, ते एक बरंच झालं, कारण किरकोळ खात्यावर कुणाची नजर जात नाही.

माणूस हा साखळीचा भाग आहे हे त्या आठवड्यात लशींनीही शिकवलं. करोनाची लस नुकती सुरू झाली होती. मेम्फिस आणि लुइव्हिल इथल्या दोन मोठ्या कुरिअर कंपन्यांच्या तळांवरून ती देशभर जायची. वादळात तळ शाबूत होते, विमानंही होती, पण कामगार घरांत अडकले होते. साठ लाख डोस मागे पडले आणि पन्नासही राज्यांना त्याची झळ लागली. यात एक शहाणपणाची गोष्टही झाली. जिथे वीज नाही, दवाखाना उघडेल की नाही सांगता येत नाही, तिथे लस पाठवायची घाई केली नाही. ती थंड जागी थांबवून ठेवली, म्हणजे निदान वाया तरी जाणार नाही. माल अडवून धरणं हा आमच्या धंद्यात गुन्हा समजतात. त्या दिवशी तेच बरोबर होतं. उलट ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत लस ठेवलेल्या इमारतीची वीज गेली, मागचा जनरेटरही चालला नाही, आणि आठ हजारांवर डोस काही तासांत संपवायची वेळ आली. त्यांनी ते विद्यापीठात, रुग्णालयांत आणि तुरुंगात नेऊन टोचले. जिथे पुष्कळ माणसं आधीच एका जागी आहेत आणि टोचणारे परिचारकही आहेत, अशी ठिकाणं कुणाच्या तरी डोक्यात तयार होती म्हणून हे जमलं.

मग पाणी. वीज गेल्यावर जलशुद्धीकरण केंद्रं अडली, घराघरांतले पाइप फुटले, आणि पाइप फुटू नयेत म्हणून लाखो लोकांनी नळ बारीक धारेने सोडून ठेवले. टाक्या रित्या झाल्या. राज्यात जवळपास दीड कोटी लोकांच्या पाण्याची घडी विसकटली. बहुतेकांना पाणी उकळून प्या असा हुकूम, आणि उकळायला वीज नाही. केंद्राच्या 'फेमा' या आपत्ती संस्थेने पहिल्या काही दिवसांत सव्वासात लाख लिटरच्या वर पाणी दिलं. आकडा ऐकायला केवढा! दीड कोटीने भागून बघा. माणशी दोन घोटही येत नाहीत.

पाणी वाहून नेणाऱ्याला हे भागाकार लवकर कळतात, कारण पाणी जड आहे. इथल्या मोठ्या ट्रकला मालासकट साधारण छत्तीस टनांची मर्यादा. त्यात पाण्याच्या बाटल्या भरल्या की अठरा-वीस टनांत वजन संपतं आणि डबा वरून अर्धा रिकामा राहतो. त्याच डब्यात कांबळी भरली तर छतापर्यंत भरतात आणि वजन नावालाही होत नाही. म्हणून दोन्ही एकत्र भरायचं: खाली पाणी, वर कांबळी. मदतीचे ट्रक क्वचितच असे भरलेले दिसतात, कारण पाणी एक संस्था देते आणि कांबळी दुसरी.

पाणी नेण्याचा खरा वस्तुपाठ मी बघितला तो आपल्याकडचा, मिरज-लातूर रेल्वेचा. एप्रिल २०१६ मधली पहिली गाडी दहा वाघिणींची होती, पाच लाख लिटरची. पुढे पन्नास वाघिणींची, पंचवीस लाख लिटरची गाडी धावायला लागली. लोकांना इंजिनाला घातलेला हार आठवतो. मला आठवतात ती आधीची कामं. वाघिणी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुवाव्या लागल्या. मिरजेत पाणी रेल्वेच्या यार्डापर्यंत आणावं लागलं. लातूरला उतरवून घ्यायची, साठवायची आणि तिथून टँकरने वाटायची सोय लावावी लागली. दोन स्टेशनांमधला साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास त्या मानाने सोपा होता. रूळ तर होतेच.

२०२१ मध्येच, जुलैत, चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. इथून मराठी मंडळांनी पैसे गोळा केले, तिकडे पुण्या-मुंबईहून टेम्पो सुटले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वहिनींचा फोन लागला. मी विचारलं, "वहिनी, काय पाठवायचं सांगा." त्या म्हणाल्या, "भावोजी, कपडे नि बिस्किटं नकोत आता, दारात ढीग पडलाय. खराटे पाठवा, फावडी पाठवा, गमबूट पाठवा. आणि ब्लीचिंग पावडर. घोट्याएवढा चिखल आहे घरात, तो सुकला की पहारीने काढावा लागेल." गमबुटांची मापंही त्यांनीच आळीत फिरून लिहून घेतली, सहापासून दहापर्यंत, कुठल्या घरात किती. मी पगार घेऊन जे करतो ते त्यांनी वहीच्या मागच्या पानावर अर्ध्या तासात केलं होतं. पाठवणाऱ्याला काय द्यावंसं वाटतं आणि घेणाऱ्याला काय लागतं यांत एक फोन असतो. तो फार उशिरा केला जातो. जुने कपडे देणाऱ्यांच्या भावनेला मी नावं ठेवत नाही, पण तो ढीग उतरवायला, निवडायला आणि शेवटी फेकायला तीच दमलेली माणसं लागतात.

हे फक्त टेक्सासचं किंवा आपलं आहे असं समजू नका. न्यू जर्सी तर बर्फात मुरलेलं राज्य. २०१४ च्या फेब्रुवारीत त्यांचं रस्त्यावर टाकायचं मीठ संपत आलं. मेन राज्यातल्या सर्सपोर्ट बंदरावर ४०,००० टन मीठ तयार होतं आणि तिकडूनच न्यू जर्सीला यायला एक रिकामं जहाजही उभं होतं. पण ते परदेशी झेंड्याचं. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल अमेरिकी जहाजानेच न्यावा असा १९२० चा कायदा आहे. सूट मागितली, मिळाली नाही. शेवटी एक अमेरिकी बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नाव, गेली, तिच्यात एका खेपेला त्या मिठाचा साधारण पाव हिस्सा मावला. मीठ होतं, जहाज होतं, समुद्र मोकळा होता.

न्यू यॉर्क राज्यातल्या बफेलोची गोष्ट जास्त कडू आहे, कारण देशात बर्फ कुणाला कळत असेल तर त्या शहराला. २०२२ च्या नाताळात तिथे असं वादळ आलं की रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्याच रस्त्यात रुतल्या. आधी तिथे अडकलेल्या गाड्या काढायच्या की रुग्ण, हा प्रश्न. बफेलो ज्या एरी काउंटीत येतं तिथे चाळिसांहून जास्त माणसं गेली. वाहनबंदी शुक्रवारी सकाळी साडेनऊपासून लागू झाली, आणि ती जाहीर झाली त्याच्या तासभरही आधी नाही. तोवर लोक कामावर पोचले होते. रोजंदारीचा माणूस अंदाजावर घरी बसत नाही, बंदीचा कागद निघाला तरच बसतो, आणि त्यातही मालक त्या दिवसाचे पैसे देणार असेल तर. हवामान खात्याने कित्येक दिवस आधी सांगून ठेवलं होतं. अंदाज अचूक होता, हुकूम उशिरा निघाला.

त्याच वादळात डॅलसच्या साउथवेस्ट विमान कंपनीने दहा दिवसांत १६,७०० च्या वर उड्डाणं रद्द केली. बाकीच्या कंपन्या दोन-तीन दिवसांत सावरल्या, ही सावरेना. विमानं होती, पायलट होते, आकाश निवळलं होतं. कुठला पायलट कुठल्या शहरात अडकलाय हे मात्र कंपनीच्या संगणकाला कळेनासं झालं होतं, आणि कर्मचारी आपला ठावठिकाणा सांगायला तासन्तास फोन धरून बसले होते. पुढे सरकारने १४ कोटी डॉलरचा दंड ठोकला. आमच्या ऑफिसात त्यावर पुष्कळ हसले. मी त्या आठवड्यात गुपचूप आमच्या ड्रायव्हरांचे फोन नंबर तपासायला घेतले. निम्म्या लोकांनी नंबर बदलले होते, एकाचा नंबर त्याच्या घटस्फोटित बायकोचा निघाला. तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रस्त्याचंही तसंच. उरी यायच्या आधीच, ११ फेब्रुवारी २०२१ ला पहाटे, फोर्ट वर्थमध्ये बर्फाळ महामार्गावर १३० गाड्या एकमेकांवर आदळल्या आणि सहा माणसं गेली. तिथे मिठाचं पाणी फवारलं होतं, पण जवळपास दोन दिवस आधी. नोंदवहीत 'फवारणी झाली' असं असणार. झालीच होती. मिठाचं एक आहे, ते वेळेवर आणि योग्य थंडीतच काम करतं. उणे नऊच्या खाली साधं मीठ जवळजवळ निरुपयोगी, मग कॅल्शियम क्लोराइडसारखं महाग काहीतरी लागतं. यादीत नुसतं 'मीठ' लिहून भागत नाही.

उरीनंतर टेक्सासने कायदा केला. वीजकेंद्रांना थंडीची तयारी सक्तीची झाली आणि वायूची कुठली ठिकाणं कुठल्या केंद्रांना पोसतात याचा नकाशा बनवायचं ठरलं. वायूचा कारभार इथे रेल्वे आयोगाकडे आहे. त्याचा रेल्वेशी आता काडीचा संबंध नाही, नाव तेवढं उरलंय. त्या आयोगाच्या पहिल्या मसुद्यात अशी गंमत होती, की १५० डॉलर शुल्क भरून वायू कंपनीने या यादीतून सूट मागावी. आमदार खवळले, मग नियम घट्ट केला. म्हणजे एवढी माणसं गेल्यावरही तो फॉर्म भरणं हे कुणालातरी जाचक वाटत होतं. मला याचा संताप येतो आणि आश्चर्य मुळीच वाटत नाही. मी रोज पुरवठादारांकडून फॉर्म भरून घेतो.

आणि मग २०२३ चा जानेवारी संपता संपता ऑस्टिनमध्ये पाऊस पडला, पडता पडता गोठला, आणि झाडांच्या फांद्या काचेसारख्या कडकडून तारांवर कोसळल्या. पावणेदोन लाखांच्या आसपास ग्राहक एकाच वेळी अंधारात. या खेपेला वीज भरपूर होती, केंद्रं ठणठणीत चालू होती, वायू वाहत होता. तारेला लागून वाढलेली झाडं कापायची राहिली होती. मागच्या वादळाची तयारी पूर्ण झाली की पुढचं वादळ दुसऱ्या दाराने येतं, हे आमच्या बैठकीत मी बोलून दाखवलं तेव्हा एक साहेब म्हणाले, "मग तयारी करायचीच कशाला?" ते चेष्टेने बोलले असावेत.

सध्या वाद चाललाय तो जनरेटरवर. गोदामासाठी आम्ही दोन मोठे जनरेटर हिवाळाभर राखून ठेवायचा करार करतो: वादळ आलं तर ते आमच्याकडे आधी येतील, न आलं तरी भाडं द्यायचं. एक शीतगृहासाठी, दुसरा डिझेलच्या पंपासाठी आणि संगणकांसाठी. हिशेब खात्यातल्या ताईंनी गेल्या महिन्यात विचारलं, की मागच्या हिवाळ्यात हे किती तास चालले. एकही तास नाही, असं मी लिहून दिलं. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं कापून त्यांच्या सादरीकरणात घातलं. मग मी डिझेलच्या टाकीचा आकडा घेऊन गेलो: पंपाला वीज नसेल तर आमच्याच अंगणात पडलेलं किती दिवसांचं इंधन निरुपयोगी होतं, आणि त्यावर किती ट्रक थांबतात. भांडण झालं नाही, पण तीन बैठका झाल्या. पंपाचा जनरेटर राहिला. शीतगृहाचा गेला, कारण बाहेर उणे दहा असताना शीतगृह थोडा वेळ विजेशिवाय राहू शकतं, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. मीठ आणि ती कॅल्शियमची पोती मात्र मी जुलैतच उचलतो. तेव्हा भाव पडलेला असतो आणि सह्या करणारे साहेब सुट्टीवर असतात.